ओलिताच्या रात्री: बुलढाणा जिल्ह्यातील हाती धरायच्या उजेडाचा इतिहास

हातात धरून नेता येणाऱ्या दिव्याचा इतिहास बहुधा विजेच्या आगमनापाशी आणून सोडला जातो. घरात बल्ब लागला की कंदील माळ्यावर जातो आणि पुढची कथा खांबांची, तारांची व वीजबिलांची होते, असा या इतिहासाचा रूढ साचा आहे. बुलढाणा जिल्ह्याला हा साचा बसत नाही. येथे वीज गावातून शेतातल्या विहिरीपर्यंत गेली आणि त्यानंतर सुट्या उजेडाची गरज घटण्याऐवजी वाढली, कारण शेतीपंपाला मिळणाऱ्या विजेच्या वेळापत्रकाने पाणी देण्याचे काम दिवसाकडून रात्रीकडे ढकलले. दिवटी, कंदील, दोन सेलची बॅटरी आणि आता कपाळावर पट्ट्याने बांधायचा दिवा, या क्रमाकडे प्रकाश किती वाढला एवढ्याच दृष्टीने पाहिले तर त्यातली महत्त्वाची गोष्ट निसटते. प्रत्येक टप्प्यावर खरा प्रश्न असा होता की उजेड धरण्यासाठी कोणाचा हात अडकतो, आणि जळण संपले तर ते कुठून आणायचे.

जिल्ह्याची रचना लक्षात घेतल्याशिवाय येथील रात्रीचे काम समजत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले असून लोकव्यवहारात त्यांना घाटावरचा आणि घाटाखालचा भाग असे म्हणतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा व सिंदखेडराजा हे तालुके घाटावर आहेत, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे पूर्णा नदीच्या सखल खोऱ्याकडे उतरतात. या खोऱ्याचा मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, म्हणजे तेथील भूजल इतके क्षारयुक्त आहे की ते पिण्यास आणि बहुतेक पिकांना निरुपयोगी ठरते. त्यामुळे विहिरीच्या पाण्यावर पीक घेण्याची पद्धत, जिला विदर्भात ओलित म्हणतात, जिल्ह्यात सर्वत्र सारखी वाढली नाही. आणि रात्री वावरात जाण्याचे कारणही एका गावाचे दुसऱ्या गावाला लागू पडत नाही. उत्तरेला सातपुड्याचा पायथा, मध्ये अजिंठ्याचे जंगल आणि दोन्हींच्या कडेला शेती, अशी मांडणी असल्यामुळे रात्रीच्या वाटेवर जनावर भेटण्याची शक्यता मात्र सगळीकडेच धरून चालावी लागते.

यंत्रयुगापूर्वीचा चालता दिवा म्हणजे दिवटी. लाकडी किंवा धातूच्या दांड्याच्या टोकाला चिंध्यांचा घट्ट पीळ बसवून तो तेलात भिजवून पेटवत, आणि पीळ कोरडा पडू लागला की बुधलीतून, म्हणजे चोच असलेल्या तेलाच्या भांड्यातून, त्यावर तेल सोडत. खंडोबाच्या कुळाचारात दिवटी आणि बुधली ही जोडी आजही एकत्र पुजली जाते आणि गोंधळात दिवटी पेटल्याशिवाय कथा सुरू होत नाही. विधीने जपलेली ही जोडी मुळात उजेड आणि त्याचे राखीव जळण एकत्र बाळगण्याची व्यवस्था होती. दिवटी धरणाऱ्याचे दोन्ही हात दिवटीतच गुंतत असल्याने ती स्वतःच्या कामासाठी धरण्याचे साधन होऊ शकत नव्हती. सरदाराच्या पालखीपुढे, लग्नाच्या वरातीपुढे किंवा रात्री निघालेल्या सरकारी स्वारीपुढे दिवट्या चालत, आणि ज्याच्यासाठी उजेड आहे तो व ज्याच्या हातात उजेड आहे तो अशी दोन माणसे असणे गृहीत असे. करडई, जवस व तीळ यांची तेले गावच्या घाण्यावर निघत असली तरी ती खाण्याच्या कामाची असल्याने वाटेवर जाळण्याइतकी स्वस्त नव्हती. सामान्य कुणबी रात्री निघाला तर चांदण्यावर विसंबे, किंवा पेटलेल्या तुराट्यांची जुडी हलवत जाई, जी काही मिनिटांत हातापर्यंत जळत येई.

वऱ्हाडातील गावकामगारांत जागल्या हा रात्रीचा अधिकृत माणूस होता. पाटील, पटवारी यांच्या खालोखाल येणाऱ्या या सेवकाकडे गावाची राखण, परक्यांवर नजर आणि चोरीची खबर ही कामे असत. त्याच्या नावातच असलेली जागल, म्हणजे रात्रभर जागून केलेली राखण, शेतकरीही आपल्या पिकासाठी करीत; ज्वारी हुरड्यावर आली की वावरात माळा उभा राही आणि त्यावर गोफण, कांबळे व शेकोटी एवढ्या सामानावर रात्र काढली जाई. या जागलीत उजेडाचा उपयोग पाहण्यासाठी फारसा नव्हता. रानडुकरांना माणूस जागा आहे हे कळावे एवढ्यासाठी विस्तव असे, आणि जनावर कुठे आहे हे कानाने ओळखले जाई. पुढे हातात झोत आल्यावर राखणीची ही रीत पालटली, त्याआधी मात्र तेलच बदलले.

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढील पंधरा-सतरा वर्षांत या भागाची रात्र बाहेरच्या बाजाराला जोडली गेली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळ ते नागपूर मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा पूर्णेच्या खोऱ्यातून जाऊन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. खामगावचा कापूसबाजार १८२० च्या सुमारास उभा राहू लागला होता आणि एके काळी तो वऱ्हाडातील सर्वांत मोठा मानला जाई. रेल्वेने कापूस मुंबईकडे नेला व परतीच्या वाघिणींतून जे परके जिन्नस आणले त्यांत रॉकेल होते. अमेरिकेत १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर यशस्वीपणे खोदली गेल्यावर हे तेल पत्र्याच्या डब्यांतून जगभर जाऊ लागले. पुढे रशियाचे व ब्रह्मदेशाचे तेल त्याच्या स्पर्धेत उतरले. घाण्याच्या तेलापेक्षा ते स्वस्त होते, वातीतून सहज चढत होते आणि खाण्याच्या उपयोगाचे नसल्याने जाळताना कोणाच्या जिवावर येत नव्हते. रिकाम्या डब्याच्या पत्र्यापासून पत्राकाम करणारे कारागीर चिमणी बनवीत, म्हणजे झाकणात वात ओवलेली छोटी डबी, आणि थोडे मोठे, दांडा लावलेले रूप म्हणजे टेंभा. आयात मालाच्या वेष्टनातून गावातल्या कारागिराने स्वतःचा दिवा घडवला, ही या काळातली लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे.

कापसाच्या मुलखात उघडी ज्योत घातक होती. सरकी काढण्याच्या जिनांत आणि गठाणी बांधण्याच्या प्रेसांत हवेत कापसाचे तंतू तरंगत असत, वखारींत रुईचे ढीग असत, आणि हंगामात बंड्यांच्या रांगा, म्हणजे बैलगाड्यांच्या रांगा, रात्रीच बाजाराच्या वाटेला लागत. काचेने झाकलेल्या ज्योतीला येथे जे महत्त्व आले ते केवळ वाऱ्यामुळे नव्हते. अमेरिकेत १८६० आणि १८७० च्या दशकांत विकसित झालेल्या वादळी कंदिलात काचेच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ नळ्यांतून हवा ज्योतीपर्यंत खेळवली जाते, त्यामुळे जोराच्या झुळकेतही ज्योत विझत नाही व काजळी कमी धरते. तो एका हातात धरता येई, बंडीच्या दांडीला अडकवता येई, कणग्यांच्या खोलीत खुंटीला टांगता येई. रेल्वेच्या फलाटावर तांबड्या व हिरव्या काचांची हातबत्ती रात्रीची भाषा बोलू लागली होतीच. कंदिलाचा उजेड काही मेणबत्त्यांइतकाच, तोही चहूकडे पसरणारा, त्यामुळे पायाखालची चार-पाच पावले सोडली तर पुढचे काही दिसत नसे. उलट कंदील धरणारा मात्र लांबून सर्वांना दिसे. तो न विझवता खाली-वर करता येई, पण विझवून पुन्हा लावणे खटाटोपाचे असल्याने रात्रभर मंद तेवत ठेवण्याची पद्धत पडली आणि रॉकेलाचा खर्च झोपेतही चालू राहिला.

स्वदेशीच्या काळात कंदील हा केवळ आयात माल राहिला नाही. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ काचकारखाना उभारला, त्याच्या भोवती ओगलेवाडी वसली, आणि तेथून बाहेर पडलेला प्रभाकर कंदील मराठी मुलखात घरोघरी पोहोचला. काच तडकली तर तिच्या मापाची दुसरी काच तालुक्याच्या बाजारात मिळणे ही त्याच्या यशाची खरी किल्ली होती. कोणतेही उपकरण निवडताना त्याचा सुटा भाग कुठे मिळेल हे आधी पाहण्याची ग्रामीण ग्राहकाची सवय येथून पुढे कायम राहिली आणि शहरी लेखकांनी तिला उगीचच कंजूषपणा म्हटले आहे. गॅसबत्तीचा उल्लेख येथे थोडक्यात पुरे. दाबाखाली वाफ झालेले रॉकेल रासायनिक जाळीच्या मॅन्टलवर जळून पांढराशुभ्र प्रकाश देई, परंतु ती डोक्यावर घेऊन चालणारी माणसे भाड्याने लावावी लागत, म्हणून ती वराती, तमाशे, कीर्तने आणि जिल्ह्यातील सैलानीसारख्या यात्रांपुरती राहिली. दिवटीचे जुने नाते, ज्यात उजेड एकाचा आणि डोके दुसऱ्याचे, तिने आणखी काही दशके चालवले.

कोरड्या सेलवर चालणाऱ्या विजेरीने हे नाते तोडले. नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट अमेरिकेत १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल यांना मिळाले. ते ज्या कंपनीच्या हाती गेले तिच्यातून पुढे एव्हरेडी हे नाव जगभर झाले. सुरुवातीचे सेल दुबळे व दिव्याची तार कार्बनची असल्याने उजेड क्षणभर पाडून थांबावे लागे, आणि टंगस्टनची तार आल्यावरच तो सलग वापरण्याजोगा झाला. भारतात १९३४ मध्ये कोलकात्यात एव्हरेडीची कंपनी स्थापन झाली, सुरुवातीला आयात सेल विकून तिने १९३९ मध्ये तेथेच कारखाना काढला, आणि १९५८ मध्ये लखनऊला विजेऱ्यांचे उत्पादन सुरू झाले. अलाहाबादची जीप ही तिची मोठी देशी प्रतिस्पर्धी. पितळी किंवा पत्र्याची नळी, त्यावर चकचकीत मुलामा, आत एकापाठोपाठ एक बसवलेले दीड व्होल्टचे जाड सेल, मागे स्प्रिंगचे झाकण आणि पुढे दिव्यामागे वाटीसारखा परावर्तक, अशा या वस्तूला लोक नुसते बॅटरी म्हणत. लग्नात जावयाला, पोलीस पाटलाला आणि गुराढोरांच्या बाजाराला जाणाऱ्याला ती हवीच असे.

या बॅटरीने दोन गोष्टी प्रथमच शक्य केल्या. पहिली म्हणजे उजेड हवा तेवढ्यापुरता वापरून बंद करता येणे, ज्यामुळे जळणाचा हिशेब तासांऐवजी क्षणांत होऊ लागला. दुसरी म्हणजे प्रकाशाला दिशा मिळणे. वाटीसारखा परावर्तक सगळा प्रकाश एका झोतात गोळा करतो, त्यामुळे धरणारा स्वतः अंधारात राहून दूरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चमकणारे डोळे पाहू शकतो. जागल करणाऱ्याचा कान आणि शेकोटी यांची जागा झोताने घेतली ती येथे. तीन सेलची लांब बॅटरी राखणदाराच्या हातात दंडुक्याचेही काम करी, हा तिच्या खपाचा एक न सांगितलेला आधार होता.

सेलची मर्यादाही लोकांनी लवकर ओळखली. जस्त-कार्बन सेलमध्ये बाहेरचे जस्ताचे डबडे हेच विद्युतप्रवाह देणाऱ्या रासायनिक क्रियेत झिजत जाते, आणि ते फुटले की आतला क्षारयुक्त लगदा पाझरून नळी, स्प्रिंग व झाकणाचे आटे गंजवतो. म्हणून पावसाळा संपला की बॅटरीतले सेल काढून वेगळे ठेवण्याची शिस्त घरोघरी असे. मंद पडलेले सेल उन्हात ठेवण्याची सवयही सर्वत्र होती. उष्णतेने रासायनिक क्रिया काही काळ वेग घेते आणि विसावलेला सेल थोडा वेळ जोर धरतो, त्यामुळे ती अगदीच भाबडी समजूत नव्हती, तथापि संपलेले जस्त उन्हाने परत येत नाही. तारेच्या दिव्याचा उजेड पिवळा पडत, मग तांबूस होत विझे, म्हणजे घरी परतण्याची सूचना तो आधी देई. आजच्या अनेक विजेऱ्यांतील नियंत्रक मंडल शेवटपर्यंत जवळपास एकसारखा प्रकाश देऊन अकस्मात बंद पडते, हा फरक अनुभवी वापरकर्त्यांना आजही खटकतो.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत विहिरींवर मोटरी बसल्या. मोटेचे, म्हणजे बैलांकरवी विहिरीचे पाणी ओढण्याचे, काम दिवसाचे असे, कारण बैलांनाही दिसावे लागते. मोटर मात्र अंधारात तितकीच चालते, आणि १९७७ पासून शेतीपंपाची आकारणी वापराऐवजी अश्वशक्तीवर होऊ लागल्याने ती किती तास चालली याला बिलात फरक पडेनासा झाला. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली तेव्हा ग्रामीण भागात भारनियमन आले, म्हणजे ठरावीक तास वीज बंद ठेवण्याची पद्धत. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले, आणि त्या सुमारास गावठाणाच्या व शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करण्यास वेग आला, जेणेकरून घरातले दिवे चालू ठेवून शेतीपंपांचे वेळापत्रक स्वतंत्रपणे आखता यावे. कारखाने व शहरे यांची मागणी रात्री उतरते, तेव्हा उरलेली वीज पंपांना देणे वितरणाच्या दृष्टीने सोयीचे होते. यातून शेतीला तीन फेजची वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा ८ तास आणि काही दिवस रात्री १० तास, अशी मिळू लागली. कागदावर रात्रीचे दोन तास जास्त होते. ते कोणाच्या झोपेतून काढले गेले हे वेळापत्रकात लिहिलेले नव्हते.

याचा अर्थ घाटावरच्या ओलिताच्या गावांत हिवाळ्याच्या रात्रींवरून समजतो. हरभरा आणि गहू यांना पाणी लागते ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे रात्र मोठी व थंड असताना. पूर्वी दांडाने, म्हणजे मातीच्या पाटाने, पाणी देताना एका हातात बॅटरी व दुसऱ्या हातात फावडे घेऊन बारे फोडता येई. तुषार सिंचन पसरल्यावर हे जमेना, कारण वीस फुटांचे पाईप दर काही तासांनी सोडवून, उचलून, चिखलातून पुढच्या पट्ट्यात नेऊन परत जोडावे लागतात आणि त्यासाठी दोन्ही हात लागतात. बॅटरी काखेत किंवा दातांत धरून हे काम अनेक वर्षे चालले. डोक्याला बांधायचा दिवा जिल्ह्यात गिर्यारोहणाच्या किंवा सहलीच्या हौसेने आलेला नाही. स्प्रिंकलरच्या पाईपाने तो आणला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

या दिव्याचा मूळ वंश खाणीतला आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी खाणकामगार टोपीवर कार्बाईडचा दिवा लावत, ज्यात कॅल्शियम कार्बाईडवर पाण्याचे थेंब पडून निघणारा ॲसिटिलीन वायू जळे. १९१४ पासून एडिसन यांच्या रचनेचा विजेचा टोपीदिवा आला, ज्याची जड बॅटरी कमरेला बांधलेली असे. विदर्भातच चंद्रपूर व वणीच्या कोळसाखाणींत असे टोपीदिवे नेहमीचे होते. दिवा आणि सेल दोन्ही डोक्यावरच ठेवण्याची रचना फ्रान्समधील पेट्झल कंपनीने १९७० च्या दशकात गुहाशोधक व गिर्यारोहकांसाठी केली. तरीही तो शेतकऱ्याच्या आटोक्यात यायला दोन शोध लागले: १९९१ मध्ये बाजारात आलेला लिथियम-आयन सेल, आणि जपानमध्ये अकासाकी, अमानो व नाकामुरा यांनी १९९० च्या दशकारंभी साधलेला निळा एलईडी, ज्यावर पिवळा प्रकाश देणारा स्फुरदीप्त पदार्थ चढवून पांढरा प्रकाश मिळतो आणि ज्यासाठी त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच विजेवर कितीतरी पट उजेड मिळू लागल्याने सेल लहान झाला, आणि लहान झाला म्हणून कपाळाला पेलवू लागला.

निवडीचे प्रश्न मात्र येथून किचकट झाले. आठवडी बाजारात आणि तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत वेष्टनावर छापलेला आकडा हाच मालाचा दर्जा समजला जातो. लुमेन हे दिव्यातून सर्व दिशांना मिळून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. झोत किती लांब जाईल हे त्यावरून कळत नाही, ते परावर्तकाच्या रचनेवर ठरते. २००९ मध्ये अमेरिकेत विजेऱ्यांसाठी जे प्रमाण ठरले त्यात झोताची लांबी म्हणजे जिथे उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो तिथपर्यंतचे अंतर, आणि टिकण्याचा काळ म्हणजे आरंभीच्या प्रकाशाचा दहावा भाग उरेपर्यंतचा वेळ, अशी व्याख्या आहे. यातली दुसरी व्याख्या ग्राहकाने नीट समजून घ्यावी, कारण वेष्टनावरील तासांत शेवटचे बरेच तास काडीच्याही उपयोगाचे नसतात. १८ मिलिमीटर व्यासाच्या व ६५ मिलिमीटर लांबीच्या, १८६५० नावाने विकल्या जाणाऱ्या सेलची खरी क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. त्यावर ९,९०० असा आकडा छापलेला दिसला तर तो सेल कोणत्याही भावात महागच आहे.

डोक्यावरच्या दिव्याला एक दोषही आहे आणि रात्री वावरात फिरणारे तो जाणतात. त्याचा झोत नजरेच्या जवळजवळ समांतर जात असल्याने वस्तूची सावली वस्तूच्याच मागे लपते, त्यामुळे खड्डा, ढेकूळ व वेटोळे सपाट दिसतात. कमरेच्या उंचीवर धरलेल्या बॅटरीचा तिरपा उजेड लांब सावल्या पाडून तेच ठळक दाखवतो. काळ्या जमिनीवर बारीक पांढऱ्या पट्ट्यांचा काळा मण्यार, किंवा पाचोळ्यावर पडलेली तपकिरी घोणस ओळखण्यात हा फरक निर्णायक ठरू शकतो. मण्यार रात्रीच हिंडतो, त्याच्या दंशाची वेदना कित्येकदा जाणवतही नाही, आणि जागलीसाठी जमिनीवर अंथरूण टाकणाऱ्याला तो सर्वांत घातक. शिवाय उजेड चेहऱ्याजवळ असल्याने किडे-पाखरे थेट डोळ्यांवर येतात. यामुळे पाईप हलवताना कपाळावरचा दिवा आणि वाटेने जाताना हातातली बॅटरी असे दोन्ही बाळगण्याची पद्धत पडली, व ती कोणत्याही पुस्तकी सल्ल्यापेक्षा जास्त शहाणपणाची आहे. दिव्याचा रंगही येथे महत्त्वाचा ठरतो. स्वस्त एलईडीचा निळसर पांढरा प्रकाश तपकिरी छटा नीट वेगळ्या दाखवत नाही, तर उबदार पिवळसर प्रकाश त्या अधिक स्पष्ट करतो. तांबडा मंद प्रकाश अंधाराला सरावलेली दृष्टी बिघडवत नाही, जी परत मिळवायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात.

जंगलाच्या कडेच्या गावांत हिशेब निराळा आहे. खामगाव, मोताळा व बुलढाणा यांच्या दरम्यानचे ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबटे व अस्वले आहेत, आणि यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून अधिक चालून २०१९ च्या अखेरीस येथेच येऊन थांबला होता. अस्वलाची नजर अधू व स्वभाव चकित झाल्यास चाल करण्याचा, म्हणून त्याला दुरूनच माणसाची चाहूल लागणे महत्त्वाचे. येथे लांब झोताची बॅटरी उपयोगी आहे, आणि तिच्याइतकाच मोठ्याने बोलत जाण्याचा जुना उपायही.

आपत्तीच्या पेटीतला दिवा हा शेतातल्या दिव्याहून वेगळा विचार मागतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, म्हणजे ढिगाऱ्यांचा शोध अंधारातच सुरू झाला; त्यानंतर महाराष्ट्रात जिल्हानिहाय आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार झाले आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणे आली. घरात तयार ठेवायच्या आपत्कालीन संचाच्या सरकारी सूचनांत बॅटरी आणि जादा सेल यांचा समावेश असतो. बुलढाण्याला हा विषय २०२३ च्या जुलैत दोनदा भिडला. १ जुलैच्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा शिवारात समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. जे वाचले त्यांतील काही जण काच फोडून बाहेर पडले. २२ जुलैला संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने गावांत पाणी शिरले. पाणी शिरले की विजेचा धक्का बसू नये म्हणून पुरवठा बंद करावा लागतो, म्हणजे अंधार हा पुराचाच भाग असतो.

पेटीत वर्षभर पडून राहणाऱ्या दिव्याची पहिली कसोटी तो लागतो का ही आहे, आणि तेथे चार्जिंगच्या बॅटऱ्या अनेकदा नापास होतात. बाजारातील अनेक स्वस्त चार्जिंग बॅटऱ्यांत सीलबंद शिसे-आम्ल सेल असतो; तो रिकामा पडून राहिला तर त्याच्या पट्ट्यांवर कठीण क्षार धरतो व तो कायमचा निकामी होतो. लिथियम सेल अधिक तग धरतो, पण त्यालाही काही महिन्यांनी चार्जरला लावण्याची आठवण ठेवणारे कोणीतरी लागते. पेटीसाठी साध्या अल्कलाईन सेलवर चालणारी, पाणी न शिरणारी, सेल वेगळे ठेवलेली बॅटरी अधिक विश्वासाची. पाण्यापासून संरक्षणाच्या आयपी श्रेणीत ४ म्हणजे शिंतोड्यांपुरते व ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढे पाहून घेतले की पुरे. अशा बॅटरीतले सेल गावच्या किराणा दुकानात मिळणारे असावेत, ही ओगलेवाडीच्या काचेच्या काळातली अट येथेही लागू आहे. वाहनासाठी दिव्याबरोबर काच फोडण्याची हातोडी हवी, आणि ती चालकाच्या हाताला लागेल अशी.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पहिला टप्पा २०१७ मध्ये आणि दुसरा २०२३ मध्ये आला. गावाजवळच्या सौर प्रकल्पातून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज देणे हा तिचा उद्देश आहे, आणि स्वतंत्र सौर पंपांच्या योजना तिच्या जोडीला आहेत. सूर्यावर चालणारा पंप रात्री चालतच नसल्याने ओलिताचे काम पुन्हा मोटेच्या वेळेला, म्हणजे दिवसावर येऊ लागले आहे. जेथे हे घडले तेथे कपाळावरच्या दिव्याचे मूळ कारण उरलेले नाही. रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगायी, यांच्यामुळे होणारी जागल मात्र कोणत्याही वाहिनीला जोडलेली नसल्याने हरभरा घाट्यावर आला की वावरात बॅटरी लागतेच, आणि दुकानदार आता तिच्यासाठी लांब झोताचे मॉडेल पुढे ठेवतात.